मिल्टनचा डोळा: उपग्रहांवरून हरिकेनचा माग (प्रकल्प नोंदी)

२ ऑगस्ट २०२५

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात तयार झालेल्या मिल्टन या हरिकेनची (अटलांटिक भागातील चक्रीवादळाची) वाटचाल केवळ उपग्रहांच्या नोंदींवरून नव्याने मांडायची आणि ती अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या अंतिम मार्गनोंदीशी ताडून पाहायची, असे ठरले आहे. मार्गनोंदीत दर सहा तासांनी वादळाचे स्थान, कमाल वारा आणि केंद्रातील दाब दिलेला असतो. आपल्याला त्यातील पहिल्या दोन रकान्यांशी काम आहे.

मिल्टन निवडण्यामागे कारण आहे. ५ ऑक्टोबरला नाव मिळालेले हे वादळ ७ ऑक्टोबरला पाचव्या, म्हणजे सर्वांत जोरदार श्रेणीत होते. त्याचा कमाल वारा १५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २९० किलोमीटरपर्यंत गेला आणि केंद्रातील दाब ९०० हेक्टोपास्कलच्याही खाली उतरला. २४ तासांत वारा ३० नॉटने वाढला की त्याला शीघ्र तीव्रीकरण म्हणतात, आणि मिल्टनने त्याच्या दुपटीहून जास्त वाढ एवढ्याच वेळात केली. शिवाय त्या वेळी त्याचा डोळा, म्हणजे केंद्रातील शांत, मोकळा भाग, जेमतेम सहा-सात किलोमीटर रुंदीचा होता. मोठा, स्वच्छ डोळा असलेले वादळ घेतले असते तर उत्तर बहुधा जुळलेच असते आणि आपल्या हाती फारसे काही लागले नसते. उपग्रहांची परीक्षा घ्यायची तर ती अशाच अवघड जागी घ्यावी.

६ ऑगस्ट २०२५

नोआ या अमेरिकी हवामान व महासागर संस्थेच्या खुल्या संग्रहातून गोज-१६ या हवामान उपग्रहाच्या फाइली उतरवण्यास सुरुवात झाली. मिल्टनच्या वेळी पश्चिम अटलांटिक आणि आखातावर लक्ष ठेवण्याचे काम याच उपग्रहाकडे होते. तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ७५.२ अंश पश्चिम रेखांशावर स्थिर होता आणि दर दहा मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण तबकडी टिपत होता. त्याच्या एबीआय या उपकरणाला १६ चॅनेल आहेत. आपण मुख्यतः दोनच वापरणार आहोत: ०.६४ मायक्रोमीटरचा दृश्य प्रकाशाचा चॅनेल २, ज्याचा पिक्सेल अर्ध्या किलोमीटरचा असतो, आणि १०.३ मायक्रोमीटरचा अवरक्त चॅनेल १३, ज्याचा पिक्सेल दोन किलोमीटरचा असतो. चॅनेल १३ ची एक तबकडी म्हणजे ५४२४ गुणिले ५४२४ पिक्सेल. त्यातला वादळाभोवतीचा चौकोन कापून बाकीचे टाकून द्यायचे आहे.

फाइलच्या नावात महिना नसतो. वर्षानंतर त्या वर्षातील दिवसाचा क्रमांक येतो, त्यामुळे ७ ऑक्टोबर २०२४ शोधायचा तर २०२४२८१ शोधावे लागते. सर्व वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असल्यामुळे तारखांचाही घोळ होऊ शकतो. मिल्टन सिएस्टा की येथे जमिनीवर आले तेव्हा फ्लोरिडात ९ तारखेची रात्र होती, परंतु फाइल सापडते ती २८४ व्या दिवसात, म्हणजे १० तारखेत. प्रकल्पातील प्रत्येक तक्त्यावर यूटीसीच लिहायची, स्थानिक वेळ कोठेही लिहायची नाही, असा नियम केला आहे.

१० ऑगस्ट २०२५

अहवालासाठी पार्श्वभूमीचे टिपण. १ एप्रिल १९६० रोजी सोडलेला टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह ७८ दिवस चालला. सप्टेंबर १९६१ मध्ये टायरॉस-३ ने एस्थर हे वादळ भर अटलांटिकमध्ये हेरले, आणि जहाज किंवा विमानाच्या आधी उपग्रहाने शोधलेले ते पहिले हरिकेन मानले जाते. त्यापूर्वी समुद्रावरील वादळाची बातमी बहुधा त्यात सापडलेल्या जहाजाकडूनच येत असे. १९६६ मध्ये एटीएस-१ भूस्थिर कक्षेत गेला आणि व्हर्नर सुओमी यांच्या फिरत्या कॅमेऱ्यामुळे एकाच प्रदेशाची चित्रे पाठोपाठ मिळू लागली. ढग सरकताना दिसू लागले. माझ्या मते खरा पल्ला येथेच गाठला गेला, कारण एकटे छायाचित्र वादळ आहे एवढेच सांगते, तर चित्रांची मालिका ते कोणीकडे चालले आहे हे सांगते. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी पहिला गोज उपग्रह सोडण्यात आला आणि तेव्हापासून ही मालिका चालू आहे.

१७ ऑगस्ट २०२५

मिल्टनचे काम बाजूला ठेवून काल दिवसभर एरिन पाहिले. १५ तारखेच्या सकाळी नुकतेच हरिकेनच्या उंबरठ्यावर आलेले हे वादळ १६ तारखेला दुपार होण्यापूर्वीच लीवर्ड बेटांच्या उत्तरेस पाचव्या श्रेणीत पोचले होते. एप्रिलपासून पूर्वेकडची जबाबदारी गोज-१९ कडे आली आहे. उपकरण तेच आणि जागाही तीच असल्यामुळे मिल्टनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम फाइलच्या नावातील एक अंक बदलताच एरिनवर चालला. जमिनीपासून दूर, थेट चालू असलेल्या वादळावर तो तपासण्याची ही संधी चांगली होती.

वादळाभोवतीचा सुमारे हजार किलोमीटरचा चौकोन दर मिनिटाला टिपण्याची सोय या उपग्रहांवर आहे. दहा मिनिटांच्या चित्रांत डोळ्याची भिंत, म्हणजे त्याभोवतीच्या उंच ढगांची रांग, गोल कड्यासारखी दिसते. मिनिटामिनिटाच्या चित्रांत मात्र त्या कड्यातून उसळणारे एकेक ढगांचे शिखर वेगळे काढता येते; ते डोळ्याभोवती अर्धा फेरा मारते, पसरते आणि विरते. स्थाननिश्चितीसाठी दहा मिनिटे पुरेशी आहेत. तीव्रता का वाढत आहे हे समजून घ्यायचे असेल तर ती पुरत नाहीत.

२४ ऑगस्ट २०२५

मिल्टनच्या पहिल्या दोन दिवसांची केंद्रे काढली. डोळा तयार होण्याआधीच्या काळात हे काम सर्वांत कष्टाचे असते, आणि रात्री तर ते निव्वळ अवरक्त चित्रांवर चालते. अवरक्त चॅनेल ढगमाथ्याचे तापमान दाखवतो. वरचा सिरस, म्हणजे उंचावरील बर्फकणांच्या पातळ ढगांचा पडदा उणे ७० अंशांचा असेल तर त्याखाली केंद्र कोठे आहे, हे त्या चित्राला सांगता येत नाही. वरच्या थरातील वाऱ्यामुळे गडगडाटी ढगांचा पुंजका एका बाजूला ढकलला गेला असेल तर पांढऱ्याशुभ्र पुंजक्याच्या मध्यभागी केंद्र ठेवण्याचा मोह होतो. मग सूर्य उगवला की दृश्य चॅनेलमध्ये खालच्या ढगांच्या रांगा दिसू लागतात आणि खरे केंद्र पुंजक्याच्या कडेला, कित्येक किलोमीटर लांब असल्याचे उघड होते. निरीक्षकांना हा अनुभव इतका परिचयाचा आहे की रात्रीच्या शेवटच्या काही नोंदींकडे ते सकाळपर्यंत संशयानेच पाहतात.

यावर दोन उपाय केले. ३.९ मायक्रोमीटरच्या चॅनेलमधून १०.३ चा चॅनेल वजा केला की पाण्याच्या थेंबांचे खालचे ढग रात्रीही वेगळे उठून दिसतात, मात्र त्यांच्यावर सिरसचा पडदा नसला तरच. दुसरा उपाय ध्रुवीय कक्षेतील नोआ-२०, नोआ-२१ आणि सुओमी एनपीपी या उपग्रहांचा. त्यांच्या व्हीआयआयआरएस उपकरणात रात्रीच्या अंधुक प्रकाशासाठी खास चॅनेल आहे आणि चांदण्यात काढलेले त्याचे चित्र दिवसाच्या चित्राच्या जवळपास जाते. अडचण अशी की चंद्र हवा आणि फेरीही नेमकी वादळावरून जायला हवी. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात नुकतीच अमावास्या होऊन गेली होती, त्यामुळे मिल्टनच्या बाबतीत या चॅनेलचा फारसा उपयोग झाला नाही.

३१ ऑगस्ट २०२५

डोळा उघडल्यानंतरची केंद्रे मार्गनोंदीशी सहज जुळतात. परंतु भिंतीचे ढग सर्व चित्रांत एकाच दिशेला, वायव्येकडे सरकलेले दिसत होते. हा लंबनाचा, म्हणजे तिरक्या नजरेमुळे उंच वस्तू सरकलेली दिसण्याचा परिणाम आहे आणि तो हाताने मोजून पाहण्यासारखा आहे.

७ ऑक्टोबरला मिल्टन सुमारे २२ अंश उत्तर अक्षांश आणि ९१ अंश पश्चिम रेखांशाजवळ होते. तेथून गोज-१६ डोक्यावर नव्हता; शिरोबिंदूपासून सुमारे ३१ अंश कललेला होता. ढगमाथा १५ किलोमीटर उंचीवर धरला तर त्याची समुद्रसपाटीवरील प्रतिमा १५ गुणिले ३१ अंशांची टॅन्जंट, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर, उपग्रहाच्या पायथ्यापासून दूर सरकते. अवरक्त चित्रात हे अंतर जवळपास चार पिक्सेलचे आहे. हजारो किलोमीटरच्या मार्गात नऊ किलोमीटर हा किरकोळ फरक होय, आणि किनाऱ्यापासून लांब असलेल्या वादळासाठी तो सोडून दिला तरी चालते. पण मिल्टनचा डोळाच सहा-सात किलोमीटरचा होता, म्हणजे ढगांची सरकलेली प्रतिमा डोळ्याच्या रुंदीपेक्षा जास्त लांब गेली होती.

याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. भिंत सरळ उभी मानली तर तिच्या काठावरून आत जाणारी उपग्रहाची तिरकी दृष्टी डोळ्याचा तळ गाठण्याआधी आडव्या दिशेत नऊ किलोमीटर जाते, आणि डोळा त्याहून अरुंद असल्यामुळे मध्येच समोरच्या भिंतीवर आदळते. अरुंद विहिरीत काठावरून तिरके वाकून पाहिले तर पाणी न दिसता पलीकडचा बांध दिसतो, तशातला हा प्रकार. प्रत्यक्षात भिंत बाहेरच्या बाजूला कललेली असते, त्यामुळे स्थिती एवढी वाईट नसते. तरीही डोळ्यातील ज्या उष्ण पिक्सेलवर तीव्रतेचे सारे गणित उभे आहे, तो पिक्सेल तळाचा आहे की भिंतीचा, हे अशा वादळात खात्रीने सांगता येत नाही.

१४ सप्टेंबर २०२५

तीव्रतेच्या भागाला सुरुवात झाली आणि दोन आठवडे त्यातच गेले.

उपग्रहाला वारा दिसत नाही. त्याला ढग दिसतात, आणि ढगांच्या आकारावरून व तापमानावरून वाऱ्याचा अंदाज बांधण्याची रीत व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवली. त्यांचा शोधनिबंध १९७५ चा आणि सुधारित पद्धती १९८४ ची. तरीही जगभरातील वादळांची तीव्रता आजही मुख्यतः त्यावरच ठरते. या पद्धतीत वादळाला टी-अंक देतात. २.५ म्हणजे ३५ नॉट, ४ म्हणजे ६५, ५ म्हणजे ९०, ६ म्हणजे ११५, ७ म्हणजे १४० आणि सर्वांत वरचा ८ म्हणजे १७० नॉट. डोळा असलेल्या वादळासाठी दोन तापमाने पाहायची: भोवतीच्या ढगांच्या कड्याचे आणि डोळ्याच्या आतले. कडे जितके थंड आणि डोळा जितका उष्ण, तितका अंक मोठा. यामागील तर्क पक्का आहे. जोरदार वादळात हवा भिंतीतून अधिक उंच चढते, म्हणून माथे थंड होतात. डोळ्यात ती खाली उतरते, तापते आणि ढग विरतात.

विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित झालेली प्रगत ड्वोराक पद्धती हेच काम संगणकाकडून करून घेते. आम्ही तिची नक्कल न करता मूळ तक्त्यावरून साधा प्रोग्रॅम लिहिला, कारण प्रत्येक पायरीवर आकडा कोठून आला हे दिसायला हवे होते. तसे ते दिसले, आणि अडचणही दिसली.

समजा एका पिक्सेलचा अर्धा भाग डोळ्याच्या तळाने व्यापला आहे, ज्याचे तापमान २० अंश सेल्सियस आहे, आणि अर्धा भाग उणे ७० अंशांच्या भिंतीने. उपकरण तापमानांची सरासरी काढत नाही, ते प्रारणांची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या ऊर्जेची सरासरी घेते. १०.३ मायक्रोमीटरला प्लांकच्या सूत्राने हिशेब केला तर त्या पिक्सेलचे तापमान उणे १२ अंशांच्या आसपास निघते. तक्त्यात ९ अंशांहून उष्ण डोळ्याला सर्वांत वरची पायरी मिळते. उणे १२ अंशांचा डोळा तिच्या खालच्या पायरीवर उतरतो आणि मिळायची ती वाढ कमी होते. त्या पातळीवर अर्धा टी-अंक म्हणजे १४० नॉटऐवजी १२७ नॉट. वादळ तसेच असते, फक्त पिक्सेलची सीमा भिंतीवरून गेलेली असते. मिल्टनच्या डोळ्यात असे पिक्सेल जेमतेम तीन बसतात आणि त्यांतले कडेचे दोन मिश्रच असणार. लागोपाठच्या दोन चित्रांत आमचा आकडा खाली-वर का उडत होता, याचे उत्तर येथे मिळाले. तेव्हापासून एका चित्राचा आकडा न घेता तासाभराच्या चित्रांतील सर्वांत उष्ण डोळा घेत आहोत.

दुसरी मर्यादा पद्धतीनेच घालून दिलेली आहे. एखाद्या फसव्या चित्राने अंक भलतीकडे जाऊ नये म्हणून तो सहा तासांत १ पेक्षा, बारा तासांत १.५ पेक्षा आणि चोवीस तासांत २.५ पेक्षा जास्त बदलू द्यायचा नाही, असा नियम आहे. बहुतेक वादळांसाठी तो शहाणपणाचाच ठरतो. मिल्टनचा वारा एका दिवसात सुमारे ७५ नॉटवरून १५५ नॉटवर गेला, म्हणजे ४.५ वरून ७.५ वर, पूर्ण तीन अंकांनी. नियम पाळला तर पद्धत मागे राहणार हे गणितानेच ठरलेले होते, आणि आमचा आलेखही प्रत्यक्ष नोंदीच्या खालूनच गेला. नियम काढून टाकून पाहिले. ७ तारखेचा आकडा सुधारला, पण ५ आणि ६ तारखेचे आकडे रात्रीच्या ढगांच्या पुंजक्यांमुळे वेडेवाकडे झाले. शेवटी दोन्ही रेषा आलेखावर ठेवायच्या, असे ठरवले आहे.

२० सप्टेंबर २०२५

छोटी नोंद. विषुवदिनाच्या आसपास भूस्थिर उपग्रह रोज मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि कमाल ७२ मिनिटे अंधारात राहतो. हा काळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे नेमका अटलांटिक हंगामाचा कळस. जुन्या गोज उपग्रहांची बॅटरी पुरत नसल्यामुळे त्या वेळात चित्रे बंद होत. गोज-१३ च्या पिढीपासून मोठी बॅटरी बसवली आणि खंड मिटला. मिल्टनच्या फाइलींत मध्यरात्रीची चित्रे सलग आहेत. मात्र त्या सुमारास ३.९ मायक्रोमीटरच्या चॅनेलमध्ये सूर्याचा भरकटलेला प्रकाश येऊ शकतो, म्हणून त्या वेळच्या फाइलींसाठी हा चॅनेल वापरलेला नाही.

२८ सप्टेंबर २०२५

सूक्ष्मतरंग चित्रे. हा भाग अहवालात सर्वांत पुढे यायला हवा, असे आता वाटू लागले आहे.

सिरसचा जो पडदा अवरक्त चॅनेलला अडवतो, तो ८९ गिगाहर्ट्झच्या आसपास जवळपास पारदर्शक असतो. या तरंगांना भिंतीतील गारा आणि बर्फाचे मोठे कण विखुरतात, त्यामुळे जोरदार पावसाची कडी थंड रंगात उठून दिसतात. अवरक्त चित्रात नुसता पांढरा गोळा असताना येथे कड्याची सुरुवात दिसून जाते, आणि तीव्रीकरणाची पूर्वसूचना बहुधा येथूनच मिळते. ८ ऑक्टोबरला मिल्टन ओसरू लागले तेव्हा आतल्या लहान भिंतीभोवती दुसरे मोठे कडे तयार होऊन तिची जागा घेत होते. एकात एक दोन कडी आणि मधली मोकळी जागा सूक्ष्मतरंग चित्रात सरळ दिसते. अवरक्तात डोळा धूसर झाला, एवढेच कळते.

मात्र हे उपग्रह खालच्या कक्षेत आहेत. एकच उपग्रह ठराविक जागेवरून दिवसातून एक-दोनदाच जातो, कधी वादळ दोन फेऱ्यांमधल्या फटीत सुटते, म्हणून उपग्रहांची संख्या येथे कळीची ठरते. स्पष्टतेतही मोठा फरक आहे. एएमएसआर-२ या सूक्ष्मतरंग उपकरणाचा ८९ गिगाहर्ट्झचा ठसा (एका मापात येणारा जमिनीवरील भाग) ३ गुणिले ५ किलोमीटरचा असतो, तर डीएमएसपी या अमेरिकी लष्करी हवामान उपग्रहांवरील जुन्या एसएसएमआयएसचा त्याच्या कित्येक पट मोठा. मिल्टनचा डोळा पहिल्यात ओळखता येतो, दुसऱ्यात पुसला जातो. म्हणून जुनी उपकरणे निरुपयोगी ठरतात, असे मात्र नाही. या वर्षी जूनमध्ये डीएमएसपीची माहिती बंद होणार असे जाहीर झाले, मग मुदत जुलैअखेरपर्यंत वाढली आणि शेवटी ती पुढे चालू ठेवण्याचा निर्णय झाला. त्या काही आठवड्यांत हरिकेनच्या अभ्यासकांनी जी काळजी व्यक्त केली ती अवाजवी नव्हती, कारण रात्रीच्या सहा तासांत एकही चांगली फेरी न मिळणे आणि त्याच सहा तासांत वादळाने दोन श्रेणी ओलांडणे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडू शकतात.

११ ऑक्टोबर २०२५

मेटऑप उपग्रहांवरील एएससीएटीच्या वाऱ्याच्या नोंदी तपासल्या. हे रडार समुद्राच्या पृष्ठभागावरील बारीक लाटांवरून परत येणाऱ्या संकेतावरून वारा काढते. वादळाचा घेर, म्हणजे ३४ नॉटचा वारा केंद्रापासून किती दूर पोचला आहे, यासाठी ते उत्तम आहे. गाभ्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण त्याची जाळी गाभ्यापेक्षा मोठी आहे आणि अतिवेगवान वाऱ्यात संकेत वाढायचा थांबतो. त्यातून गाभ्याचे आकडे घेतलेले नाहीत.

विमानांच्या नोंदी प्रकल्पाच्या चौकटीबाहेर ठेवल्या होत्या, पण त्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. मिल्टनचा १५५ नॉटचा आकडा विश्वासार्ह आहे तो डोळ्यातून आरपार गेलेल्या विमानांमुळे आणि त्यांनी खाली सोडलेल्या ड्रॉपसाँड या मोजमापाच्या उपकरणांमुळे. पूर्व पॅसिफिकमध्ये विमाने क्वचितच जातात. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी ओटिसमध्ये विमान शिरले तेव्हा ते वादळ उपग्रहांवरील अंदाजापेक्षा खूपच जोरदार असल्याचे आढळले, आणि काही तासांतच, २५ तारखेला, ते पाचव्या श्रेणीत अकापुल्कोजवळ किनाऱ्यावर आले. ओटिसची मार्गनोंद मिल्टनच्या शेजारी ठेवून पाहणे योग्य होईल.

२९ ऑक्टोबर २०२५

मेलिसा हे हरिकेन काल जमैकावर आदळले. हरिकेन सेंटरच्या सूचनेनुसार त्या वेळी वारा ताशी १८५ मैल आणि दाब ८९२ हेक्टोपास्कल होता. कालच्या सकाळच्या फाइली लगेच उतरवून प्रोग्रॅम चालवला.

तुलना बोलकी आहे. मेलिसाचा डोळा मिल्टनच्या डोळ्याहून रुंद आणि स्वच्छ होता. दृश्य चित्रात भिंत वर-वर रुंद होत जाणाऱ्या वाडग्यासारखी दिसत होती आणि तळाशी खालचे ढग फिरताना दिसत होते. उष्ण पिक्सेल भरपूर मिळाले, एकामागून एक चित्रांत आकडा हलला नाही आणि त्यासाठी तासाभराची खिडकी लावण्याचीही गरज पडली नाही. तोच प्रोग्रॅम, तोच तक्ता, तेच उपकरण. फरक फक्त डोळ्याच्या रुंदीचा.

त्यामुळे अहवालाच्या तक्त्यात एक नवा रकाना घालत आहोत. तीव्रतेच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळी डोळ्यात किती पिक्सेल बसत होते ते लिहायचे, आणि ती संख्या चारपेक्षा कमी असेल तर आकडा खालच्या मर्यादेसारखा वाचावा, असे तळटिपेत स्पष्ट करायचे. मिल्टनच्या ७ ऑक्टोबरच्या बहुतेक ओळींना ही टीप लागेल. पुढील आठवड्यात ओटिसच्या फाइली उतरवायच्या आहेत. २४ ऑक्टोबर २०२३ चा क्रमांक २९७ आहे.